खडकवासला भरलं का हो? पुण्याच्या धरणांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर जूनला सोसायटीच्या ग्रुपवर तेच प्रश्न येतात, मी तीच उत्तरं टाइप करतो, जुलैत परत तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी पाटबंधारे खात्यात नाही, इंजिनिअर पण नाही, सिंहगड रोडला राहतो आणि चार धरणांचे आकडे बघायची सवय लागलीय एवढंच. काही उत्तरं लांबलीयत, ती वगळलीत तरी चालेल. पण पहिली दोन-तीन तरी वाचा, बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे.

खडकवासला १०० टक्के भरलं अशी बातमी आहे. मग पाणीकपात रद्द ना?

नाही हो. ही बातमी दर वर्षी येते, दर वर्षी लोक फटाके लावायचे बाकी ठेवतात आणि दर वर्षी तिचा तसा काही अर्थ नसतो. खडकवासला हे चारांमधलं सगळ्यात छोटं धरण. त्याचा उपयुक्त साठा, म्हणजे वापरता येणारं पाणी, १.९७ टीएमसी (टीएमसी म्हणजे किती ते पुढे सांगतो). त्याच्या मागे, घाटाच्या बाजूला जी तीन आहेत ती अशी: पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१. चारही मिळून २९.१५ टीएमसी. म्हणजे खडकवासला काठोकाठ भरलं तरी एकूण साठ्याचा जेमतेम पंधरावा हिस्सा होतो. खडकवासला ही नळाखाली ठेवलेली बादली आहे, टाकी मागे आहे. बादली भरली म्हणून टाकीत किती आहे ते कळत नाही.

कुठल्याही आकड्याकडे बघताना आधी एवढंच विचारा, हा एका धरणाचा आहे की साखळीचा. साखळीचा असेल तर कामाचा.

साखळी म्हणजे नक्की काय? चार धरणं एकाच नदीवर आहेत का?

नाही. टेमघर मुठेवर आहे, मुळशी तालुक्यात, लवार्डेच्या बाजूला. वरसगाव मोसे नदीवर. पानशेत आंबी नदीवर. ह्या तिघांतून सोडलेलं पाणी शेवटी खडकवासल्यात येतं आणि तिथून पुढे एक तर कालव्यात नाही तर नदीत नाही तर पुणे महापालिकेच्या पाइपात. सरकारी कागदावर पानशेतच्या जलाशयाला तानाजीसागर आणि वरसगावच्याला वीर बाजी पासलकर जलाशय म्हणतात, पण मी आजवर कुणाला "तानाजीसागर किती भरलं रे" असं विचारताना ऐकलेलं नाही.

उन्हाळ्यात पेपरात येतं की खडकवासल्यात साठा वाढला, आणि लोक म्हणतात पाऊस नाही मग वाढला कसा. मागच्या धरणातून सोडलं म्हणून वाढला, दुसरं काय. खडकवासल्याची पातळी मागून भरून भरून ठेवावी लागते.

टीएमसी, क्युसेक, एमएलडी... डोक्यावरून जातं. सोप्यात सांगा.

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये साधारण २,८३२ कोटी. हे साठ्याचं माप. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या वर थोडं. हे वाहत्या पाण्याचं माप. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, हे महापालिकेचं माप.

आता तिन्ही जोडून बघा, मग मजा येते. पुणे शहर दिवसाला १,६०० एमएलडीच्या आसपास पाणी उचलतं. म्हणजे एक टीएमसी शहराला साधारण अडीच आठवडे पुरतं. खडकवासल्यात जे १.९७ आहे ते नुसत्या शहराला महिनाभर. पण त्याच वेळी कालव्यातून हजार क्युसेक चालू असेल तर तेच पाणी दोन आठवडे पण टिकत नाही. आणि नदीत ११,५०० क्युसेकच्या जरा वर विसर्ग दिवसभर चालू ठेवला तर चोवीस तासांत एक टीएमसी गेलं. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पावसाळ्यात लागतो.

पुण्यात दोन दिवस धो धो पडतोय, रस्त्यावर गुडघाभर पाणी, आणि धरणात काही वाढ नाही. असं कसं?

तुमच्या रस्त्यावर पडलेलं पाणी तुमच्या नाल्यातून नदीत जातं, आणि ते खालच्या बाजूला जातं. धरणं वर आहेत. पाणलोट क्षेत्र म्हणजे सह्याद्रीच्या कड्यापर्यंतचा पट्टा, टेमघर, दासवे, पानशेतच्या मागचं खोरं, तिथे पडला तर धरण भरतं. पुणे शहर त्या मानाने पर्जन्यछायेत आहे. टेमघरला एका रात्रीत जेवढा पडतो तेवढा कधी कधी शहरात अख्ख्या महिन्यात पडत नाही.

उलटं पण होतं. शहरात नुसती भुरभुर, ऊन पडलंय, आणि मेसेज येतो की नदीपात्रात विसर्ग वाढवला. लोक म्हणतात अरे पाऊस कुठाय. पाऊस तिकडे घाटमाथ्यावर आहे, आणि तोच खरा.

मागची धरणं अजून अर्धी रिकामी आहेत आणि खडकवासल्यातून पाणी नदीत सोडतायत! ह्यांना अक्कल आहे का?

हा प्रश्न जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हमखास येतो आणि विचारणारा प्रचंड चिडलेला असतो. राग समजू शकतो पण पाणी चढावर जात नाही. खडकवासला सगळ्यात खाली आणि सगळ्यात छोटं. मागच्या तीन धरणांच्या भिंतींच्या खालचा आणि खडकवासल्याच्या वरचा जो मधला भाग आहे, तिथे पडलेलं पाणी थेट खडकवासल्यात उतरतं. ते उचलून वरसगावात टाकता येत नाही. तिथे थोडीच जागा आहे, ती दोन-तीन दिवसांच्या जोरदार पावसात संपते, मग दारं उघडण्याशिवाय इलाज नाही.

त्यातलं थोडं कालव्यात वळवता येतं आणि वळवतात पण, त्यातून खालचे तलाव वगैरे भरून घेतात. पण कालव्याची वहनक्षमता ती केवढी. त्यामुळे साखळी पन्नास टक्क्यांवर असताना सुद्धा मुठा दुथडी भरून वाहू शकते, ह्यात घोटाळा काही नाही.

बरं, पण ते नदीत सोडलेलं पाणी वायाच जातं ना?

पुण्यापुरतं बघाल तर गेलं. पण मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमेवर उजनी आहे. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, आपल्या चारही धरणांच्या चौपट. पुण्याच्या आजूबाजूच्या धरणांतून सोडलेलं बरंचसं पाणी तिथे जाऊन थांबतं. इकडे आपण भिडे पूल पाण्याखाली गेला म्हणून फोटो काढत असतो, तेव्हा सोलापूरकडचे लोक उजनी किती टक्के झालं ते बघत असतात. वाया जातं म्हणायच्या आधी त्यांना विचारा. ह्या पाण्यासोबत पुण्याचं सांडपाणी पण तिकडेच जातं हे मात्र आपण सोयीने विसरतो.

विसर्गाचा मेसेज आला की घाबरायचं कधी?

मेसेजची भाषा ठरलेली असते. खडकवासला धरणाच्या सांडव्यावरून मुठा नदीपात्रात चालू असलेला अमुक क्युसेक विसर्ग वाढवून रात्री नऊ वाजता तमुक क्युसेक करण्यात येत आहे, पावसाच्या प्रमाणानुसार आणि येव्यानुसार बदल होऊ शकतो, नदीपात्रात उतरू नये. ह्यात तीन गोष्टी वाचा. एक, किती वरून किती. चार हजारावरून सहा हजार आणि सहा हजारावरून पंचवीस हजार ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन, वाजले किती. तीन, "येवा" शब्द. येवा म्हणजे धरणात येणारं पाणी, तो वाढतोय म्हणाले की पुढचा मेसेज पण वाढीचाच असणार असं धरून चाला.

नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल सगळ्यात आधी जातात, त्यात नवल नाही, पात्रातच बांधलेत ते. गाड्या पात्रात लावणाऱ्यांनी रात्री मोबाइल सायलेंटवर टाकू नये, बाकी काय सांगणार.

सिंहगड रोडच्या लोकांसाठी २५ जुलै २०२४ विसरण्यासारखा नाही. त्या दिवशी विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला, वरून शहरात पण जोरदार पाऊस, आणि एकतानगरी, निंबजनगर, विठ्ठलनगर ह्या भागातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, मग तळमजल्यात पाणी. बेसमेंटमधल्या टू-व्हीलर एकमेकींवर चढलेल्या, फ्रिज आडवे, सगळ्या भिंतींवर छातीएवढ्या उंचीला तपकिरी रेघ. लोकांचं म्हणणं होतं की वेळेवर सांगितलं नाही, खात्याचं म्हणणं होतं की सांगितलं होतं. मला वाटतं ह्या वादापेक्षा मोठा मुद्दा निळ्या रेषेचा आहे.

निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय?

साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराचं पाणी जिथवर चढेल ती निळी पूररेषा, आणि शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको असा नियम. आता तुम्ही नदीकाठाने चालत जा आणि मोजा आत किती बिल्डिंगी आहेत. फ्लॅट घेताना नदीचा व्ह्यू म्हणून जास्तीचे पैसे दिलेले लोक माझ्या ओळखीचे आहेत. ब्रोकरला पूररेषेचा नकाशा मागा, तो नाही दिला तर महापालिकेकडे मागा.

आणि पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की चोवीस वर्षं सुट्टी असं नसतं. दर वर्षीची शक्यता तीच.

पाणी नेहमी रात्रीच का सोडतात?

नेहमी नाही सोडत, पण रात्री सोडलेलं जास्त लक्षात राहतं. घाटावर संध्याकाळी पडलेलं पाणी ओढ्यांमधून उतरून धरणात यायला काही तास जातात. मोठं धरण असतं तर येवा पोटात घेऊन सकाळपर्यंत थांबता आलं असतं. खडकवासल्यात ती ऐपत नाही. पावसाळ्यात आधीच थोडी जागा रिकामी ठेवावी ही मागणी मात्र बरोबर आहे असं माझं मत, निदान मोठ्या पावसाचा अंदाज असेल तेव्हा तरी. पण मग पाऊस आला नाही तर "पाणी फुकट घालवलं" म्हणून ओरडणारे पण आपणच असतो.

खडकवासला धरण इंग्रजांनी बांधलं का?

हो. १८७० च्या दशकात, मुठेवर, दगडी बांधकामात. फाइफ नावाच्या इंग्रज लष्करी इंजिनिअरची ही योजना, म्हणून जुन्या इंग्रजी कागदांत जलाशयाला लेक फाइफ म्हणतात. हेतू दोन होते, पुण्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्याला कालव्याचं पाणी आणि पुणे-खडकी लष्कराला प्यायचं पाणी. दीडशे वर्षं होत आली, भांडण अजून त्याच दोघांत आहे, शेती आणि शहर. फक्त लष्कराच्या जागी आता अख्खं पुणे बसलंय.

भिंत दीड किलोमीटरपेक्षा लांब आणि ३३ मीटरच्या आसपास उंच. काठाला एनडीए, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी आहे, तिथली मुलं जलाशयात होड्या चालवायला शिकतात. केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र पण इथेच, १९१६ सालचं, तिथे देशभरातल्या धरणांची आणि बंदरांची छोटी मॉडेल करून पाणी सोडून बघतात. आज आपण जी भिंत बघतो ती सगळी इंग्रजांच्या वेळची नाही, कारण मध्ये १९६१ झालं.

१९६१ ला नक्की काय झालं होतं? पानशेत फुटलं की खडकवासला?

दोन्ही. आणि ह्याच क्रमाने.

पानशेत हे मातीचं धरण, तेव्हा काम चालू होतं. त्याच पावसाळ्यात पाणी अडवायचं म्हणून घाई झाली. भिंतीच्या खालून पाणी सोडायची जी मोरी असते तिचं आणि तिच्या दारांचं काम पूर्ण झालेलं नव्हतं. जुलैत पाऊस जोरात लागला, पाणी भराभर चढलं, मोरीतून पाणी धडका देत बेफाम वाहायला लागलं आणि तिच्या वरचा भराव खचत गेला. लष्कराचे जवान बोलावले, त्यांनी रात्री भर पावसात वाळूची पोती रचून भिंतीचा खचलेला माथा धरून ठेवला. ह्या पोत्यांनी काही तास मिळवून दिले आणि धरण रात्री न फुटता १२ जुलैला सकाळी फुटलं. रात्री झोपेत फुटलं असतं तर काय झालं असतं ह्याचा विचार करा.

तो लोंढा खडकवासल्यात आला. दगडी भिंत, ऐंशी वर्षं जुनी, एवढं पाणी तिच्यासाठी हिशेबातच धरलेलं नव्हतं. पाणी भिंतीवरून वाहिलं आणि पुढच्या काही तासांत ती पण फुटली. मग दोन धरणांचं पाणी पुण्यात. लकडी पूल पाण्याखाली, नारायण, शनिवार, कसबा, डेक्कन, नदीकाठचे वाडे मातीचे होते ते बसले. जुन्या पेठांत अजून काही भिंतींवर त्या दिवशीच्या पाण्याच्या खुणा आहेत, डोक्याच्या कितीतरी वर. एकदा मान वर करून बघून या, फोटोत ती उंची कळत नाही.

पूर ओसरल्यावर उलटीच पंचाईत झाली. धरणच गेलं म्हणजे नळाला पाणी नाही. लोक वाड्यांमधल्या विहिरींकडे आणि पेशव्यांच्या वेळच्या कात्रजच्या पाण्याकडे परत वळले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. आज तिथे फ्लॅटचे भाव विचारू नका.

पानशेत नंतर परत बांधलं, खडकवासला दुरुस्त झालं, त्याला दारं बसली. आता अकरा दारं आहेत, पावसाळ्यात टीव्हीवर जी दिसतात ती.

मग आता परत फुटू शकतं का? दर पावसाळ्यात अफवा येते.

अफवा दर वर्षी येते हे खरं. पानशेत फुटलं ते अर्धवट बांधकामात पाणी अडवल्यामुळे. आज तशी परिस्थिती नाही, धरणांची पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासणी होते. फॉरवर्ड आला की आधी विचारा कुठल्या धरणाचं, किती वाजताचं, कोणी सांगितलं. तिन्हीची उत्तरं नसतील तर पुढे पाठवू नका.

टेमघर गळतं ते?

हां, ती अफवा नाही. टेमघर चारांतलं नवीन, तरी त्याच्या भिंतीतून इतकं पाणी झिरपायचं की २०१६ ला त्यावर मोठा गदारोळ झाला, चौकश्या लागल्या, गुन्हे दाखल झाले. मग भिंतीत ग्राउटिंग करून, म्हणजे भोकं पाडून आत दाबाने सिमेंटचं मिश्रण भरून, गळती खूपच कमी केली. ह्या दुरुस्तीसाठी टेमघर रिकामं करावं लागायचं, म्हणून उन्हाळ्यात "टेमघर शून्य टक्के" वाचून हार्ट अटॅक येऊ देऊ नका, बऱ्याचदा ते मुद्दाम आधी वापरून संपवलेलं असतं. जुनं इंग्रजांचं धरण १९६१ सोडलं तर टिकलं आणि नवीन गळलं ह्यावर काय बोलायचं ते तुम्हीच बोला.

धरणातून माझ्या नळापर्यंत पाणी येतं कसं?

खडकवासल्यातून बंद पाइपलाइनने आणि काही कालव्यातून उचलून जलशुद्धीकरण केंद्रांत, पर्वती, लष्कर, वारजे, वडगाव वगैरे. तिथे तुरटी, गाळणी, क्लोरीन, मग उंचावरच्या टाक्या, मग तुमच्या सोसायटीची खालची टाकी, मग मोटर, मग वरची टाकी, मग तुम्ही. धरणात पाणी असून तुमच्याकडे येत नसेल तर ह्यातली कुठली तरी पायरी अडलीय, धरणाला शिव्या देऊ नका. गुरुवारी क्लोजर, म्हणजे पाणी बंद असतं तेव्हा बहुतेक वेळा केंद्रातलं वीजेचं किंवा लाइनचं काम असतं.

खराडीला, पिंपरीला पण खडकवासल्याचंच येतं का?

पिंपरी-चिंचवडला पवना. पुण्याच्या पूर्व भागाला, खराडी, वडगाव शेरी, लोहगाव, विमाननगर, २०२१ पासून भामा आसखेडचं पाणी पण मिळतं. बाकी पुणं खडकवासल्यावर.

दौंड-इंदापूरला एवढं पाणी का देतात? आपल्याला पुरत नाही आणि ते ऊस लावतात.

हे वाक्य ग्रुपवर आलं की मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवतो.

पहिलं म्हणजे धरणच मुळात शेतीसाठी पण बांधलंय. मुठा उजवा कालवा हवेली, दौंड करत इंदापूरपर्यंत जातो, दोनशे किलोमीटरच्या आसपास. दुसरं, पानशेत आणि वरसगावसाठी ज्यांची गावं बुडाली त्यातल्या कित्येकांना ह्याच लाभक्षेत्रात जमिनी दिल्या, पाणी मिळेल ह्या शब्दावर. म्हणजे आपल्या नळासाठी ज्यांनी घरं सोडली तेच आता टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला बसून आवर्तनाची, म्हणजे कालव्याला ठरवून सोडायच्या पाण्याची वाट बघतायत. त्यांना तुम्ही सांगणार की तुमचं पाणी आम्हाला कार धुवायला हवंय?

हिशेब असा चालतो. पावसाळा संपला की साठा बघून कालवा सल्लागार समितीची बैठक होते, पालकमंत्री असतात, आमदार असतात, आणि ठरतं की रब्बीला एक आवर्तन, उन्हाळ्यात एक का दोन. पुणे महापालिका वर्षाला वीस टीएमसीच्या वर पाणी उचलते, साखळी २९.१५ ची, त्यात बाष्पीभवन, मग कालव्याला राहतं ते किती ते तुम्हीच करा. महापालिका मंजूर कोट्यापेक्षा जास्त उचलते हा जलसंपदा खात्याचा कायमचा आक्षेप, आणि लोकसंख्या वाढली, गावं समाविष्ट झाली, कोटा वाढवा हे महापालिकेचं कायमचं उत्तर. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. आपल्या जुन्या लाइनींतून जे गळतं त्याबद्दल मात्र दोघं फार बोलत नाहीत.

उसाबद्दल म्हणाल तर मला पण वाटतं की कमी पाण्याच्या पट्ट्यात एवढा ऊस नको. पण ते सांगायचा हक्क आधी आपण वापरलेलं पाणी नीट शुद्ध करून परत दिलं की मिळेल. मुंढव्याला जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर बांधून वापरलेलं पाणी जुन्या बेबी कालव्यातून शेतीला द्यायची व्यवस्था आहे, पण त्या पाण्याच्या वासाबद्दल तिकडचे शेतकरी जे बोलतात ते इथे लिहिता येत नाही.

कालवा फुटला होता तो कधी?

२७ सप्टेंबर २०१८. दांडेकर पुलाजवळ, जनता वसाहतीपाशी भर दिवसा कालव्याची भिंत गेली आणि वस्तीत पाणी घुसलं, शेकडो घरांतला संसार वाहून गेला. उंदीर, घुशी, खेकड्यांनी पोखरला असं कारण पुढे आलं, त्यावर पुणेकरांनी जे विनोद केले ते अजून फिरतात. ज्यांचं घर गेलं त्यांना हसू आलं नसणार. कालवा बांधला तेव्हा तो गावाबाहेर होता, आता शहराच्या पोटातून जातो आणि दोन्ही काठांना भिंतीला भिंत लागून घरं आहेत.

ह्याच कारणासाठी खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याची योजना आहे. शहरातला उघडा कालवा बंद, पाणी जमिनीखालून थेट पलीकडे, गळती आणि बाष्पीभवन वाचेल. चांगली आहे. कधी होईल ते विचारू नका. आणि मोकळ्या झालेल्या कालव्याच्या जागेवर काय बांधणार हे आत्तापासून विचारायला लागा.

धरणातला गाळ का काढत नाहीत?

काढतात थोडा. निवृत्त कर्नल सुरेश पाटील यांच्या ग्रीन थंब संस्थेने खडकवासल्यात बरीच वर्षं हे काम केलंय, उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की काठाचा गाळ काढायचा, शेतकरी तो शेतात न्यायचे. पण दीडशे वर्षांचा गाळ सगळा काढणं ही वेगळीच गोष्ट, तो ट्रकने नेऊन टाकणार कुठे हा पहिला प्रश्न आणि खर्च हा दुसरा. त्यापेक्षा वरच्या डोंगरांत जी खोदाई आणि प्लॉटिंग चाललंय ते थांबवलं तर येणारा गाळ कमी होईल. ते कोणी थांबवत नाही.

धरणाचं पाणी तर स्वच्छच असतं ना? तसंच प्यायलं तर?

अजिबात नको. काठावरच्या गावांचं, हॉटेलांचं, फार्महाउसांचं सांडपाणी बरंचसं जलाशयातच जातं. जानेवारी २०२५ ला सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी ह्या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण सापडले, हातपाय लुळे पडायचा आजार, आणि तपासात दूषित पाण्याकडे बोट गेलं. ह्यातली किरकटवाडी, नांदेड ही गावं २०२१ ला महापालिकेत आली, टॅक्स लगेच सुरू झाला, पूर्ण शुद्धीकरण केलेलं पाणी मात्र पोचलेलं नव्हतं, विहिरीतून उपसून नुसतं क्लोरीन टाकून दिलं जायचं. आमच्याकडे तेव्हापासून पाणी उकळूनच पितात, तुम्ही पण प्या.

मुळशीचं पाणी पुण्याला का घेत नाहीत? एवढं मोठं धरण आहे.

ते टाटांचं वीजनिर्मितीचं धरण. मुळेचं पाणी अडवून घाटाखाली भिऱ्याला वीज करतात आणि ते पाणी कोकणात उतरतं. तेच ज्याच्या विरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ ला सत्याग्रह केला. पुण्याला त्यातलं पाणी द्यावं ही मागणी बरीच वर्षं आहे, त्यावर बैठका होतात.

मृतसाठा म्हणजे काय? पेपरात "उपयुक्त साठा" लिहितात.

सगळ्यात खालच्या मोरीच्या पण खाली जे पाणी राहतं ते मृतसाठा, ते नेहमीच्या वाटेने बाहेर काढता येत नाही. वर दिलेले सगळे आकडे उपयुक्त साठ्याचे आहेत. म्हणून "धरणात शून्य टक्के" लिहिलेलं असतं आणि फोटोत पाणी दिसतं, तेव्हा फोटो खोटा आहे असं म्हणू नका.

रविवारी खडकवासल्याला फिरायला जाऊ का?

जा, पण सकाळी लवकर. दहानंतर सिंहगडावरून उतरणारी आणि चौपाटीला जाणारी गर्दी एकाच रस्त्यावर येते, मग दीड-दोन तास गाडीत बसून कणीस खाल. पाण्यात उतरू नका, काठ उथळ वाटतो आणि पुढच्याच पावलाला गाळ नाहीतर खड्डा असतो, पोहता येणारी मुलं सुद्धा दर वर्षी बुडतात तिथे. दारं उघडलेली बघायची असतील तर पुलावर मध्येच गाडी थांबवू नका, मागे पीएमपीची बस असते आणि तिचा ड्रायव्हर ते दृश्य रोज बघतो. आणि भज्यांचा कागद परत घेऊन या, प्लीज. तो जिथे टाकाल तिथलंच पाणी सोमवारी तुमच्या टाकीत येणार आहे.